दहा ते अकराचा तास

आप्पा, तुमच्या मातीला मी नव्हते, हे आधी सांगून टाकते.

सविताचा पहिला फोन सकाळी नऊ चाळीसला आला होता. तेव्हा मी बेळगावात, आमच्या केंद्रात, एका पाच वर्षांच्या मुलीसमोर चटईवर बसले होते आणि फोन नेहमीसारखा टेबलाच्या खणात होता. सत्र चालू असताना फोन जवळ ठेवायचा नाही हा नियम मीच केलेला. साडेबाराला खण उघडला तर सात मिस्ड कॉल. मी फोन लावला तर सविता, तुमची सून, एवढंच म्हणाली, "म्याडम, आप्पा गेले. चारला नेणार हायत." चारच्या आत निपाणी गाठता आली असती. बस होती, नाही तर कुणाची तरी गाडी मागता आली असती. पण दोनला जवळच्या मच्छे गावात एक सत्र होतं. तिथलं लेकरू मला दोनच्या ठोक्याला दारात बघतं, नाही दिसले तर संध्याकाळपर्यंत ओरडून स्वतःचे हात चावत राहतं आणि घरात त्याची आई एकटी असते. मी मच्छेला गेले. पन्नास मिनिटं सत्र केलं, दहा मिनिटं नोंदी लिहिल्या, आणि मग रस्त्यावर स्कूटरपाशी उभी राहून रडले. तुम्ही असतात तर "बराबर केलं" म्हणाला असतात, कारण वेळ पाळणाऱ्या माणसांवर तुमचा जीव होता. मला मात्र ते अजून बरोबर वाटत नाही.

गुरुवारी आले, नेहमीच्या बसने. गुरुवार म्हणजे निपाणी, हे आता माझ्या हाडात गेलंय.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही तांब्याभर पाणी पुढे केलंत आणि मी पिते का, हे बघत उभे राहिलात. मला ते कळलं. मी पाणी प्यायले आणि आणखी मागितलं. एप्रिल महिना होता, बसमध्ये दोन तास भाजून आले होते, त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. तुम्ही आत वळून सविताला म्हणालात, "बाई कामाची हाय." मग समोर बसून विचारलंत, "पर तुमी नेमकं करताय काय?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आमच्या खानापूरकडच्या गावात माझे चुलते मला सरळ 'येड्यांची डॉक्टर' म्हणतात आणि पाहुण्यांना तशीच ओळख करून देतात. तुम्हाला मी नीट सांगितलं. वर्तन विश्लेषक म्हणतात आम्हाला. लेकरू काय करतं, त्याच्या आधी काय झालं होतं, केल्यावर काय झालं, हे बघायचं, लिहायचं, मोजायचं. मग त्यातलं काय बदललं तर लेकराला आणि घराला बरं पडेल ते शोधायचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येवढंच? आन् ह्येला बेंगळूरला जाऊन शिकाय लागतंय?" सविता लाजली. मला मात्र तुम्ही त्या क्षणी आवडलात.

एवढंच असतं ते, आप्पा. सहाला उठायचं, अनगोळच्या घरी दोन डबे भरायचे, साडेआठला केंद्राचं कुलूप काढायचं. जेवणाच्या आधी तीन लेकरं. जेवणानंतर घरोघरी. संध्याकाळी दिवसभराचे आकडे आलेखावर चढवायचे आणि रेघ वर चाललीय की खाली, हे बघून कधी खुश व्हायचं, कधी डोकं धरून बसायचं. माझ्या पिशवीत एक घड्याळ, एक मोजायचं बटण, चार पेन्सिली, चिरमुऱ्यांचा डबा आणि साबणाच्या फुग्यांची बाटली. बसमध्ये एकदा कंडक्टरने कन्नडमध्ये विचारलं होतं की बाई, तुम्ही नेमकं विकता काय. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. तंबाखूच्या वखारीतल्या धुळीने तुमची छाती कधीच पोखरली होती. हसणंही तुम्हाला महागात पडायचं.

तुमची नात प्रज्ञा तेव्हा सात वर्षांची. बोलत नव्हती, अजूनही बोलत नाही. आवाज वाढला, माणसं वाढली, की उजव्या हाताचा तळवा कपाळावर मारायची, नाही तर कपाळ भिंतीवर आपटायची. कपाळावर कायमचं टेंगूळ होतं. तुमचा मुलगा दीपक सकाळी सातला कागलच्या कारखान्यात जायचा, सविता दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी फिरती. दिवसभर प्रज्ञा आणि तुम्ही. पस्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढून घरी बसलेल्या माणसाच्या पदरात हे काम पडलं, आणि तुम्ही ते नोकरीसारखं केलंत. वेळेवर, न कुरकुरता, डोक्यावर टोपी घालून.

भांडलो मात्र खूप. पहिलं भांडण कार्डाचं. मी एका जाड पुठ्ठ्यावर उघड्या दाराचं चित्र काढून आणलं होतं. गोंगाट सहन होईना की प्रज्ञाने कपाळ मारण्याऐवजी ते कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं, आणि समोरच्याने तिला लगेच बाहेर न्यायचं. तुम्ही कार्ड उलटंपालटं करून बघितलंत.

"म्याडम, ह्येची गरज काय? पोरगीनं खांदा नुस्ता हिकडं केला की मला कळतंय, तिला भाईर जायाचंय."

"तुम्हाला कळतं, आप्पा. शाळेतल्या बाईंना नाही कळणार."

"मग बाईंनी बी शिकावं की."

"बाईंकडे चाळीस पोरं आहेत."

"मग तिनंच चाळीसांसाठनं शिकायचं व्हय? लहान कोण, ती का त्या बाई?"

  मी तेव्हा विषय बदलला आणि म्हणाले की तुम्ही कायम तिच्याबरोबर असणार आहात का. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तवा तुमी हाय की." मी ते हसण्यावारी नेलं. खरं तर मला राग आला होता. माझ्याकडे बावीस लेकरं होती, आणि तुम्ही हे असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दुसरं भांडण लक्ष न देण्याचं. ती गुळासाठी किंचाळली की वळून बघायचं नाही, असं मी सांगितलं होतं. तुम्ही पाठ केलीत, पण भिंतीकडे तोंड करून तुम्हीच डोळे पुसत होता. "लेकरू रडतंय आन् मी भित्ताड बघत बसायचं, ही कुठली इद्या म्हणायची?" मी म्हणाले, विद्या अशीच असते. आज सांगते, ती पद्धत मी दोन वर्षांपूर्वीच सोडली. आता किंचाळायच्या आधीच गूळ मागायला शिकवते. त्यात तुमचा वाटा आहे, आणि हे मी तुम्हाला कधीच बोलून दाखवलं नाही. कबुली देताना माझी जीभ जड होते.

आता त्या मोठ्या गोष्टीकडे येते.

प्रज्ञा शाळेत जावी, हा तुमचा ध्यास. तुमच्या घराण्यात तुमच्या बापाने वखारीच्या दारातून शाळा बघितली, तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, दीपक डिप्लोमा झाला, सविता नर्स झाली. "आन् हिनं घरात बसायचं?" असं तुम्ही विचारायचात. मी म्हटलं, कपाळ मारणं कमी झाल्याशिवाय कुठलीच शाळा घेणार नाही. रोज मोजावं लागेल. एक कागद आखून दिला. दिवसातला एक तास बघायचं आणि त्या तासात किती वेळा मारलं तेवढ्या रेघा ओढायच्या. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत आणि कामाला लागलात.

पाच महिने तुमचे कागद येत राहिले. पहिल्या महिन्यात तासाला आठ, सात. मग पाच. मग तीन, दोन. माझ्या आलेखावरची रेघ इतकी सुंदर उतरत होती की मी तो आलेख केंद्रातल्या इतरांना दाखवला. गुरुवारी माझ्या डोळ्यांसमोर ती जास्त मारायची, पण मी स्वतःची समजूत घातली की परक्या माणसासमोर असं होतंच. मला ती रेघ खरी हवी होती. तो आलेख घेऊन मी निपाणीतल्या त्या शाळेत गेले, मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, शब्द दिला, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये प्रज्ञा पहिलीत बसली.

नवव्या दिवशी शेजारच्या वर्गात लेझीमचा सराव सुरू झाला. प्रज्ञाने बाकावर कपाळ आपटलं. वर्गशिक्षिकेने धरायला हात घातला तर तिला कडकडून चावली. बाकावर रक्त, बाईंच्या मनगटावर रक्त, चाळीस पोरं रडतायत. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत आपण सगळे. तुम्ही धुतलेला सदरा घालून आला होता.

मोठ्या बाईंनी तुमचे कागद टेबलावर पसरले. "ह्यात तर तासाला दोनच लिहिलंय. काल एका तासात अकरा वेळा झालं."

मी तुमच्याकडे वळले. "आप्पा, हे आकडे खरे आहेत?"

"खरं हायत की. त्या तासाला तेवढंच मारलं तिनं."

"कुठल्या तासाला?"

"दहा ते अकरा. आंघोळ झाली, पोटात भाकरी गेली, की ती लई बेस असती."

"आणि बाकीचा दिवस?"

तुम्हाला माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं. "बाकीचा कशाला? तुमी एक तास मागितलासा. वखारीत आमी नमुना काढायचो तवा चांगल्या पोत्यातनंच काढायचो. दाखवायचा नमुना चांगलाच असतोय न्हवं? पोरगीचं कागद शाळंत जाणार, म्हणताना मी वाईट कशाला दाखवू?"

पहिल्या महिन्यात तुम्ही वेगवेगळे तास बघितलेत, बरी वेळ कुठली ते हेरलंत, आणि मग तीच धरलीत. वखारीत मालाची चिमूट बोटांत चोळून, वास घेऊन, क्षणात प्रत सांगणारा माणूस तुम्ही. तुम्ही तुमच्या नातीची सर्वांत चांगली प्रत आम्हाला दाखवली होती.

मी म्हणाले, "आप्पा, हा तंबाखू नाही. तुम्ही आम्हाला फसवलंत."

हेच शब्द. मोठ्या बाईंसमोर, हाताला पट्टी बांधलेल्या शिक्षिकेसमोर, तुमच्या सुनेसमोर. तुम्ही टोपी काढलीत, मांडीवर ठेवलीत, पुन्हा घातलीत.  प्रज्ञाचं नाव पटावरून काढलं.

परतताना बस संकेश्वरला थांबली होती तेव्हा मी फाइल उघडली. तुम्हाला दिलेला सूचनांचा कागद माझ्याच अक्षरात होता. 'दिवसातला कोणताही एक तास.' आमच्या कामात हे पहिल्या महिन्यात शिकवतात की तास बघणाऱ्याने ठरवायचा नसतो, आम्ही ठरवून द्यायचा असतो. सोमवारी सकाळचा, मंगळवारी दुपारचा, बुधवारी दिवेलागणीचा. मी घाईत होते, त्या दिवशी परतीची बस गाठायची होती, आणि मी चार शब्द लिहून मोकळी झाले. त्यावर पाच महिने एकदाही तुम्हाला विचारलं नाही की कुठला तास बघता. तुम्ही मला फसवलं नव्हतं. मी सांगितलं तेच तुम्ही केलं होतं.

मी फाइल मिटली आणि पिशवीत घातली.

पुढच्या गुरुवारी नवा कागद आणला, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चौकटी आखलेला. वाटलं होतं तुम्ही दार उघडणार नाही. तुम्ही कागद हातात घेतलात. "आता समदा दिवस लिवायचा न्हवं?" मी हो म्हणाले. "बरं," म्हणालात आणि चहा सांगितलात. त्या वेळी बोलायला हवं होतं. चहा होता, वेळ होती, सविता ड्युटीवर होती. मी प्रज्ञाच्या चौकटी समजावत बसले.

का नाही बोलले? स्वतःला सांगायला माझ्याकडे कारणं होती. त्या शाळेत माझ्या शब्दावर आणखी दोन लेकरं बसत होती. चूक माझी म्हटलं तर मोठ्या बाई त्यांनाही काढतील, अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण तिच्या आड माझा अहंकार होता, आणि तुम्ही एकदाही तक्रार न केल्यामुळे तो मजेत राहिला.

आणि तुम्ही काय केलंत? अकरा महिने समदा दिवस लिहिलात. सव्वीस, तर सव्वीस. एका मंगळवारी एक्केचाळीस रेघा, आणि कडेला तुमच्या वाकड्या अक्षरात, 'माज्यामुळं. बाजारात नेलतो.' तो कागद बघितला तेव्हा मला तुमच्या समोर बसवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. एवढी सरळ नोंद मी माझ्या शिकलेल्या सहकाऱ्यांकडून कधी बघितली नाही, आणि स्वतःकडून तर नाहीच.

कार्डही तुम्हीच शिकवलंत. तुमचं मत बदललं नव्हतं, तरी शिकवलंत. तिचा खांदा वळला की तुम्हाला कळायचंच, पण तुम्ही न कळल्यासारखं बसून राहायचात, ती कार्ड हातात देईपर्यंत. किती अवघड गेलं असेल ते. एकदा म्हणालात, "येड्याचं सोंग घेतोय बघा म्हातारपणी." आकडे खरोखर उतरले. एप्रिलमध्ये सबंध दिवसाला सहा, पाच. मी म्हणाले, जूनमध्ये पुन्हा शाळेत विचारू. तुम्ही मान हलवलीत. "तुमी जावा. मी न्हाय येत त्या शाळंत." मी आग्रह केला नाही. का येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मग मे महिन्यात, त्या मंगळवारी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्ही गेलात.

प्रज्ञाचं सांगते. पहिला आठवडा वाईट होता. ती सकाळी तुमच्या खाटेजवळ जायची, चादर वर करून बघायची, पुन्हा नीट घालायची. दिवसाला एकोणीस, बावीस असे आकडे गेले. जलदानविधीला घरात ऐंशी माणसं, भंतेजींची वंदना चाललेली, आणि ती मोरीत बसून कपाळ मारत होती. दीपक तिला घेऊन शेतांकडे निघून गेला, बापाच्या विधीला बसला नाही. लोकांनी नावं ठेवली. मला तो फार मोठा वाटला. सविताने मला विचारलं, "ती आप्पांना हुडकती व्हय, म्याडम?" मी म्हणाले, माहीत नाही. चादर वर करते, एवढंच मला दिसतं. सविता म्हणाली, "तुमी बी कधीतरी मोजायचं सोडून सांगा की." मग मी सांगितलं की हो, हुडकते. हे मला सिद्ध करता येणार नाही.

आता नोंदी सविता आणि दीपक वाटून करतात. आकडे पुन्हा खाली आलेत. सोमवारी आम्ही तिघं शाळेत गेलो.

त्याच मोठ्या बाई, तीच खोली. त्यांनी वर्षभराचे कागद चाळले. "मागच्या खेपेला बी आजोबांनीच लिहिलं होतं न्हवं? आता कसं धरायचं हे खरं म्हणून?" बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. दीपक खाली बघत होता. 'आता ते वेगळ्या पद्धतीने लिहिलंय,' असं गुळमुळीत उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, आणि त्यावर प्रवेश मिळालाही असता. पण मग तुमच्या नावावर ते कायमचं राहिलं असतं आणि त्याच नावावर तुमची नात शाळेत बसली असती.

मी म्हणाले, "मागच्या वेळी चूक आप्पांची नव्हती. माझी होती. मी त्यांना कोणताही एक तास बघा म्हणून लिहून दिलं होतं. त्यांनी तेच केलं. मला हे त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या चुकीनं आम्ही पोरीला घेतलं, आणि तुमच्याच चुकीनं काढलं."

"हो."

"आणि त्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही वर्षभर खोटारडा समजलो."

"हो."

 मग त्या म्हणाल्या, माझ्या शब्दावर बसलेली इतर दोन लेकरं आहेत त्यांचेही कागद पुन्हा तपासायचे, आणि इथून पुढे प्रत्येक महिन्याला त्या स्वतः बघणार. मी मान्य केलं.  सविताचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते. शेवटी मोठ्या बाई प्रज्ञाबद्दल म्हणाल्या, "दहा ते अकरा बसवू या का रोज? ती वेळ तिची बरी असते."

मी म्हणाले, "तो एक तास आपण एकदा बघितलाय. अकरा ते एक द्या."

त्यांनी एक महिना दिला. रोज दोन तास. वर्गात काय घडलं ते त्यांच्या वहीत लिहायचं, पहिले काही दिवस मी, नंतर वर्गशिक्षिका. घरचं माणूस फाटकाबाहेर.

जिन्यावर सविता थांबली. दीपक पुढे गेला होता. ती म्हणाली, "म्याडम, आप्पा वरीसभर ह्या रस्त्यानं गेलं न्हाईत. दळणाला बी लांबनं जायचे. मी म्हटलं, गुडघं दुखत्यात, जवळनं जावा की. न्हाय म्हणायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे ते असताना बोलायचं होतं तुमी." मी म्हणाले, हो, बोलायचं होतं. तिने पदराने चेहरा पुसला, चार पायऱ्या उतरली आणि मागे न बघता विचारलं, "गुरुवारी येताय न्हवं?"

तिने मला माफ केलेलं नाही. लगेच करावं, असं मला वाटतही नाही.

आज गुरुवार. केंद्रातली सकाळची सत्रं सहकाऱ्यांकडे सोपवून मी साडेदहाला शाळेच्या फाटकावर होते. सविताने प्रज्ञाला निळा फ्रॉक घातला होता, गळ्यात दोरीला कार्ड. वर्गशिक्षिका तीच, जिला ती चावली होती. त्या बाईंनी तिला पुन्हा वर्गात घेतलं, याबद्दल त्यांच्यावर एक वेगळा लेख लिहायला हवा. मी शेवटच्या बाकावर, वही घेऊन.

अकरा वाजून बारा मिनिटांनी शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले. प्रज्ञाने कपाळावर तळवा मारला. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. मी उठले नाही. उठायचं नाही असं मी ठरवून गेले होते, तरी पाय उचलत होते. तिचा खांदा दाराकडे वळला, अगदी तुम्ही सांगायचात तसा. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या, त्यांना तो दिसला नाही. प्रज्ञा बाकातून उठली, फळ्यापर्यंत चालत गेली आणि त्यांचा खडूचा हात ओढून त्यात कार्ड ठेवलं. बाई दचकल्या, मग तिला बाहेर घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी दोघी परत आल्या. साडेबाराला पुन्हा एकदा तसंच, त्याआधी कपाळावर एक फटका.

एक वाजता मी वहीत लिहीत होते. बाई डोकावल्या. "तीन कशाला लिहिताय? एक लिहा. पहिला दिवस हाय, मोठ्या बाई बघणार."

मी तीन लिहिले, आप्पा. वेळा पण लिहिल्या.

त्या वहीत मारलं, चावलं, ओरडलं, पळालं असे चारच रकाने आहेत. नुसतं बसल्याचा रकाना नाही. म्हणून ते तिथे लिहिता आलं नाही, तुम्हालाच सांगते. बाकीचा एक तास पन्नास मिनिटं तुमची नात वर्गात बाकावर बसली होती.